घोंगडीखालचा रोल

"आप्पा, तुमच्या कॅमेऱ्यात खरंच रोल असायचा का?"

प्रश्न माझा नव्हता. अश्विनी आणि शुभ्रा या माझ्या वर्गातल्या दोघींनी पैज लावली होती. विचारलं तर स्टँडसमोरची दोन प्लेट भजी माझी. नाही विचारलं तर वर्षभर दोघींच्या भूगोलाच्या वह्यांतले नकाशे मी रंगवायचे. नकाशांचं मला काही नव्हतं, पण 'घाबरली' हा शब्द मला यंदापासून चालत नाही.

यंदापासून म्हणजे जानेवारीपासून. त्याआधी मी हजेरी इतकी हळू द्यायचे की मॅडमनी मला समोर बसलेली असताना तीनदा गैरहजर मांडलं होतं. मग गॅदरिंगला निवेदन करणाऱ्या मुलीचा आवाज बसला आणि ऐनवेळी दुसरं कोणी सापडेना म्हणून माईक माझ्या हातात आला. आई म्हणते, तो मी अजून परत दिलेला नाही. माझं नाव सुलक्षणा. घरात आणि आळीत सुली.

तर नारायण आप्पा. विंझरमध्ये त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. आता तिथे झेरॉक्स निघते, आधार कार्डाला प्लॅस्टिक चढतं आणि पासपोर्ट फोटो मोबाईलवर काढून मिळतो. पण भिंतीवरच्या फळीवर लाल फडक्याखाली त्यांचा जुना कॅमेरा बसलेला असतो. लोक त्याला डबा म्हणतात. डब्याला एकाखाली एक अशी दोन भिंगं आहेत. वरच्यातून आप्पा बघायचे, खालचं फोटो काढायचं. गळ्यात अडकवून, मान खाली घालून आप्पांनी त्या डब्यात बघायचं आणि समोरच्यांनी श्वास धरायचा, असं इथल्या दोन पिढ्यांचं लग्न झालं.

आणि आमच्या भागात असं एकही घर नाही, जिथे 'आप्पांनी काढलेला, पण आला नाही' असा एक तरी फोटो नाही. भिंतीवरच्या फोटोंबद्दल कोणी बोलत नाही. न आलेल्या फोटोंबद्दल मात्र बारीकसारीक सगळं सांगतात. आमच्या आजोबांचा न आलेला फोटो तर इतका चांगला आहे, की त्यात ते हसतायत.

म्हणून तो प्रश्न. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून गॅदरिंगच्या आवाजात विचारला. अश्विनी आणि शुभ्रा रस्त्यापलीकडे रसाच्या गाड्याआड होत्या, त्यांनाही ऐकू गेला.

आप्पा झेरॉक्सच्या मशीनवर वाकले होते. तसेच वाकून म्हणाले, "असायचा. पर दर येळी नसायचा."

मला वाटलं होतं ओरडतील. मी पळण्यासाठी एक चप्पल सैल करून ठेवली होती.

"म्हणजे कसं आप्पा?"

"एका रोलात बारा फोटू येत्यात. लग्नाला मानसं चारशे. परत्येकाला नवरा-नवरीसंगं हुबं ऱ्हायचं आसतंय. न्हाई म्हनलं की रुसवं. मग काय करनार. मूठ फिरवायची, खटका दाबायचा, वरनं फ्लॅश उडवायचा. मानूस खूश हून पंगतीला बसायचा. त्याला आमी कोरा फोटू म्हनायचो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्या आन ह्यो." त्यांनी फळीकडे बोट केलं.

दुकानात अजून एक माणूस होतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आमच्याच आळीतल्या साळूबाई, वय बासष्ट, रेशन कार्डाची झेरॉक्स घ्यायला आलेल्या. त्या स्टुलावर बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या.

"नारायणा," त्या म्हणाल्या, "आमच्या गेनूच्या लग्नातला माजा?"

आप्पांनी रेशन कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि त्यातली सगळी नावं वाचून काढली. मग म्हणाले, "कोरा."

"आन नलीचा?"

"त्योबी."

आता हे नीट सांगितलं पाहिजे. गेनू म्हणजे साळूबाईंचा भाऊ. नली म्हणजे नलूबाई, त्यांची धाकटी बहीण, गुंजवण्यात दिलेली. बेचाळीस वर्षांपूर्वी गेनूच्या लग्नात दोघींनी आईची एकच नथ आळीपाळीने घालून आप्पांपुढे एकेक फोटो काढून घेतला. फोटो आले नाहीत. साळूबाईंच्या मते दोन्ही फोटो नलूबाईंनी नेऊन लपवले. नलूबाईंच्या मते दोन्ही साळूबाईंनी. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. गेनूमामांकडे भाऊबीज दोनदा होते, एक सकाळी आणि एक दुपारी, आणि दुपारच्या ओवाळणीला बिचारे दुसऱ्यांदा अंघोळ करून बसतात. एसटीत एक बसलेली दिसली की दुसरी पुढच्या एसटीची वाट बघते, आणि आमच्याकडे पुढची एसटी म्हणजे अर्धा दिवस. हे सगळ्या तालुक्याला पाठ आहे. फक्त फोटो मुळात नव्हतेच, हे एकट्या आप्पांना माहीत होतं.

"मग मला का सांगितलंस नलीनं नेला म्हनून?" साळूबाईंनी विचारलं.

"म्या न्हाई सांगितलं. तुमीच इचारलंत, नलीनं नेला व्हय? म्या नुसती मान हलवली."

"आन तिला?"

"तिनंबी तसंच इचारलं. म्याबी तशीच हलवली."

साळूबाई परत स्टुलावर बसल्या.

"तिच्या थोरल्याच्या लग्नाला म्या गेले न्हाई," त्या कुणाला तरी हिशेब दिल्यासारखं बोलायला लागल्या. "तिच्या हिरीला पानी लागलं तवा तिनं पेढं धाडलं, म्या तसंच माघारी धाडलं. माजा नवरा गेला तवा ती दारापतूर आली आन मला बगून मागं फिरली. आन तू म्हनतोस मान हलवली." मग त्यांनी पदर खोचला. "काढ आता. दोगींचा. त्याच डब्यानं."

मी मदत करायला गेले. "आजी, मी काढते ना मोबाईलवर. आत्ता."

"तुमच्या मोबाईलात ती शुभ्री सगळ्यास्नी कुत्र्याचं कान लावती. त्यो फोटू न्हाई." त्या आप्पांकडेच बघत होत्या. "डबा हाय, तू हायस, आमी दोगी आजून हाय. काय आडलंय?"

आप्पांनी दोन्ही हात पुढे धरले. हात थरथरत होते. "रोल भराया बोटं लागत्यात साळूबाई. ही बोटं आधारच्या मशीनलाबी वळखू येत न्हाईत आता." मग ते माझ्याकडे वळले. "त्वा इचारलंस न्हवं? मग त्वाच भरायचा."

भजी मी त्या दिवशी खाल्ली, पण लक्ष नव्हतं.

रोल ऑनलाइन मागवला. पार्सल विंझरला येत नाही, नसरापूरच्या एका दुकानात येऊन पडतं. ते येईपर्यंत आप्पांनी मला एका जुन्या, वाया गेलेल्या रोलवर शिकवलं. रोल म्हणजे बोटाएवढी गुंडाळी. बाहेरून लांबलचक कागद, आणि त्या कागदाच्या पोटात चिकटून आत फिल्म. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायचं. भरलेली रीळ खाली, रिकामी रीळ वर. कागदाचं टोक वर ओढून रिकाम्या रिळाच्या फटीत खोचायचं, मूठ फिरवायची, कागदावरचा बाण खुणेला आला की दार बंद. मग मूठ फिरवत राहायची, आकडा एकवर आला की ती आपोआप अडते.

"ह्यो आकडा लई लबाड," आप्पा म्हणाले. "आत रोल आसो नसो, पुढं सरकतोच. त्याच्यावर जाऊ नगं. एक धेनात ठेव. कागदाची छापलेली बाजू तुज्याकडं, काळी बाजू भिंगाकडं. उलटं भरलंस तर फिल्म कागदाआड ऱ्हाती. मग बारा खटकं दाब न्हाईतर बाराशे, कोरंच."

आप्पांनी डबा मला घरी नेऊ दिला आणि मी तो जुना रोल किमान साठ वेळा भरला. घरी, पप्पांच्या टेम्पोत, आईच्या ओढणीने डोळे बांधून. इतिहासाच्या तासाला बाकाखाली भरताना मॅडमनी पकडलं. मी त्यांना तिथेच भरून दाखवला. त्यांनी मला गैरहजर मांडलं.

तिकडे पप्पा टेम्पोतून भाताची पोती घेऊन जाता-येता गुंजवण्याचे निरोप आणत होते. खरं कळल्यावर तिसऱ्या दिवशी नलूबाईंनी अटी धाडल्या. एक, विंझरला पाय ठेवणार नाही. साळूबाईंनी उलट निरोप धाडला, मीपण गुंजवण्याला येणार नाही. म्हणून मार्गासनीच्या फाट्यावरचं एसटीचं शेड ठरलं, जिथून दोघींच्या वाटा फुटतात. दोन, नथ मी आणणार आणि मीच परत नेणार. तीन, नारायण फोटोग्राफर हा इसम खोटारडा असल्याने, रोल आत गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार.

तिसरी अट ऐकून आप्पा हसले. त्यांना वाटलं, सोपं आहे.

रविवारी सकाळी आठला आम्ही पप्पांच्या टेम्पोतून फाट्यावर पोचलो. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा गळ्यात. साळूबाई हिरव्या लुगड्यात. अश्विनी आणि शुभ्रा मला धीर द्यायला, म्हणजे भजी खायला. शेडमध्ये वेल्ह्याकडे जाणारे दहाबारा लोक बसलेले. नलूबाई गुंजवण्याच्या बाजूने जीपमधून उतरल्या आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. दोघी इतक्या सारख्या दिसत होत्या, की मधे आरसा ठेवलाय असं वाटावं. फक्त एकीच्या मुठीत नथेची डबी होती.

मी शेडच्या सावलीत बसले, चांदीसारखा कागद फोडला आणि रोल बाहेर काढला. सावलीत भरला तर काही होत नाही, कारण फिल्म कागदाच्या आत असते.

"ह्यो कागद हाय," नलूबाई म्हणाल्या. त्या आप्पांशी बोलत होत्या, माझ्याशी नाही. "रोल कुटंय?"

"कागदाच्या आत हाय, नलूबाई."

"मग दाव."

"दावला की गेला. उजेड लागला की संपला त्यो."

"बगा," नलूबाई शेडमधल्या लोकांना म्हणाल्या. "हाय म्हनतो, पर दाव म्हनलं की संपतो. बेचाळीस वर्सं ह्यो असाच चाललाय."

लोकांना ते पटलं. एक फेटेवाले म्हातारे म्हणाले, दाखवायला काय हरकत आहे, त्यांच्या पुतण्याचाही फोटो आला नव्हता. आप्पा प्रत्येकाला समजावत फिरले. उजेडात उघडला तर रोल जातो, आणि नाही उघडला तर बाई जातात. नलूबाई खरंच जीपकडे निघाल्या होत्या.

तेव्हा मी म्हणाले, "अंधारात हात लावून बघा."

सगळे थांबले.

"डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचं. कागद खरखरीत लागतो, फिल्म गुळगुळीत लागते. लागली तर आहे."

नलूबाईंनी विचार केला. "आन अंधार?"

पप्पांच्या टेम्पोत दोन घोंगड्या होत्या आणि एक ताडपत्री. मी मध्ये बसले, मांडीवर कॅमेरा, हातात रोल. डावीकडे नलूबाई. साळूबाई म्हणाल्या, ती बगनार तर म्याबी बगनार, आणि उजवीकडे बसल्या. वरून एक घोंगडी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडांवर लोक पाय देऊन उभे राहिले. दोघी बेचाळीस वर्षांत इतक्या जवळ आल्या नव्हत्या. मधे फक्त मी होते.

आत काहीच दिसत नव्हतं. घोंगडीला मेंढराचा वास होता आणि लगेच घाम सुटला. मी कागद हातभर उलगडला आणि त्याच्याखाली फिल्म लागली. मी ती नलूबाईंच्या बोटांत दिली.

डावीकडून आवाज आला, "गुळगुळीत हाय."

"मला बगू दे," साळूबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात माझ्या अंगावरून पलीकडे गेला.

"थांब की. म्या आजून बगतेय."

"बेचाळीस वर्सं थांबलेय."

"मंग आजून जरा थांब." मग जरा वेळाने, "ही घे. कडेला धर. मदी बोट लावू नगं."

हे बेचाळीस वर्षांतलं पहिलं बोलणं. बाहेरून अश्विनी ओरडली, झालं का, आणि आतून दोघी एकदम म्हणाल्या, "गप ऱ्हा."

"व्हय गं," साळूबाई म्हणाल्या, "गुळगुळीत हाय. म्हशीच्या शिंगावानी."

"चंद्री म्हशीच्या."

"चंद्रीचं एक शिंग मोडकं हुतं."

"त्वाच मोडलंस. आन आईला माजं नाव सांगितलंस."

"सांगितलं," साळूबाई म्हणाल्या.

मग कुणीतरी रडायला लागलं. कोण ते कळेना, कारण दोघींचं रडणंही सारखंच होतं. माझ्या मांडीवरून डबी उघडल्याचा बारीक आवाज आला.

"घे. घाल. हितं कोन बगतंय."

"आंधारात नाक सापडंना."

"थांब, म्या घालते."

रोल माझ्या हातात परत आला. कुणी दिला माहीत नाही. माझ्या नाकावर घाम होता. मी कागद घट्ट गुंडाळला, रीळ खाली बसवली, टोक वर खोचलं, मूठ फिरवली, दार बंद केलं. साठ वेळा केलेलं. बोटांना पाठ होतं.

घोंगडी काढली तेव्हा नथ साळूबाईंच्या नाकात होती, थोडी तिरकी, आणि शेडमधल्या लोकांनी का कोण जाणे टाळ्या वाजवल्या.

आप्पांनी बारा फोटो काढले. चार नथ साळूबाईंच्या नाकात असताना, चार नलूबाईंच्या. मग चार, ज्यात नथ डबीत आणि डबी दोघींच्या हातात. तोवर मागे रांग लागली होती. फेटेवाले म्हातारे, जीपवाला, एसटी थांबवून उतरलेल्या कंडक्टर बाई, सगळ्यांना दोघींबरोबर एकेक पाहिजे होता. आप्पांचा हात सवयीने फ्लॅशकडे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि डब्याचं झाकण लावलं.

"न्हाई," ते म्हणाले. "रोल संपला."

मला वाटतं, हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. घरी येईपर्यंत ते टेम्पोत ताठ बसून होते.

रोल धुवायला पुण्याला पाठवला. यायला दोन आठवडे. तेवढ्यात साळूबाई तीनदा गुंजवण्याला जाऊन आल्या आणि नलूबाई दोनदा विंझरला. दोघी एका एसटीत बसायला लागल्या, आणि कंडक्टर बाई त्यांचं भांडण ऐकून पुढच्या सीटवरच्यांना सांगायच्या. भांडण न आलेल्या फोटोवरून होतं. नलूबाईंचं म्हणणं, साळूचा डोळा मिटला असणार. साळूबाईंचं म्हणणं, नली पोट ओढून उभी राहिली म्हणून तिचा चेहरा जांभळा आला असणार. फोटो काळा-पांढरा असतो असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, जांभळा कळतोच. गेनूमामांनी जाहीर केलं, यंदा भाऊबीजेला अंघोळ एकच.

पाकीट परवा आलं.

आप्पांनी ते उघडलं, धुतलेल्या फिल्मची पट्टी काढली आणि खिडकीशी धरली. मग माझ्या हातात दिली. पट्टीतून समोरचा रसाचा गाडा दिसत होता, अगदी स्वच्छ. गाडेवाला लिंबू कापतानाही दिसत होता.

"काचंवानी," आप्पा म्हणाले. "म्या चाळीस वर्सांत इतकं कोरं काडलं, पर एका रोलात बाराच्या बारा मलाबी जमलं न्हाई."

मला लगेच कळलं. अंधारात रोल या हातातून त्या हातात फिरून आला, आणि मी नेहमीसारखा बसवला. पण परत आला तेव्हा तो वरचा खाली झालेला होता. छापलेली बाजू भिंगाकडे. अंधारात छापलेलं दिसत नाही. बोटांना साठ वेळा केलेलं पाठ होतं, पण ते पाठ झालं तेव्हा मधे दोन बहिणी नव्हत्या.

"आता काय करायचं, आप्पा?"

"काई न्हाई. बोलायचंच न्हाई." ते खूप मायेने बोलत होते, मला वाचवत होते. "कोनी इचारलं तर नुसती मान हलवायची. अशी." त्यांनी हलवून दाखवली. ती हो अशी नव्हती आणि नाही अशीही नव्हती. ती जरा बाजूला जाऊन खाली यायची, जसं काही उत्तर समोरच्यानेच दिलंय आणि आपण फक्त ऐकून घेतोय.

घरी जाऊन मी आरशासमोर करून बघितली. पहिल्याच वेळी जमली. रोल भरायला मला साठ वेळा लागल्या होत्या.

आज संध्याकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, तेव्हा साळूबाई आल्या. "सुले, नारायन म्हनतो पाकीट तुज्या समूर फोडलं. आला का गं फोटू?"

मी तोंड उघडलं. जानेवारीपासून जे तोंड बंद होत नव्हतं त्यातून काहीच आलं नाही. माझी मान हलली. बाजूला जाऊन खाली आली.

साळूबाईंनी माझ्याकडे बघितलं. हळूहळू त्यांचा चेहरा घट्ट झाला. तो चेहरा मी लहानपणापासून बघत आलेय, फक्त गेले दोन आठवडे तो दिसला नव्हता.

"आस्सं," त्या म्हणाल्या. "म्हंजी नलीकडं गेला व्हय? पाकीट आलं आन तिनं उचललंबी. परवा आलती तवाच घिऊन गेली आसंल पिशवीत घालून. नथबी तिच्याकडंच हाय."

आणि त्या निघून गेल्या. आजची शेवटची एसटी गेली होती म्हणून, नाहीतर तशाच गुंजवण्याला गेल्या असत्या. मी त्यांच्या मागे दोन पावलं गेले. मग थांबले, कारण नुसत्या साळूबाईंना सांगून चालणार नव्हतं. एकीला सांगितलं, की दुसरी विचारणार, तिला आधी का सांगितलं.

आत पप्पा जेवायला बसले होते आणि आई भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. पाकीट, काचेसारखी पट्टी, मान.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "चुकून झालं. पुण्यात गहाळ झाला म्हन. दोघी चार दिवस हळहळतील."

"बेचाळीस वर्षं," मी म्हणाले.

पप्पा म्हणाले, "आन खरं सांगितलं तर काय, तुजं नाव सगळ्या तालुक्यात. फाट्यावर टाळ्या वाजवल्यात लोकांनी. शाळेत पोरी हसतील."

"अश्विनी तर हसतेच आहे. तिला मी आधीच सांगितलं." हे खोटं होतं, पण जेवण झालं की लगेच जाऊन खरं करणार होते. मग मी हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं, आणि शेवटच्या बाकावरून मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पप्पा, उद्या भाताची खेप शिवऱ्याला न्यायची नाही. सकाळी साळू आजींना टेम्पोत पुढे बसवायचं, आप्पांना मागे, आणि सरळ गुंजवण्याला जायचं. माझं ठरलंय. दोघींना एकत्र बसवून सांगणार, की फोटो कोरा आला, आणि तो नलू आजींनी नेला नाही, साळू आजींनी नेला नाही, आप्पांनी घालवला नाही. मी उलटा भरला. मग नवीन रोल मागवणार आणि परत भरणार. तोही चुकला, तर तिसरा. आणि आई, घोंगडी देऊ नकोस. या वेळी मी तो सावलीत, सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांनी बघून भरणार. ज्याला रोल हात लावून बघायचाय, त्याने फोटो आल्यावर फोटोला हात लावावा."